क्रँक सेन्सर बदलण्याआधी: त्या फिरत्या मेसेजमधलं काय खरं, काय खोटं

उन्हाळा लागला की मराठवाड्यातल्या ड्रायव्हर मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: गरम गाडी रस्त्यात बंद पडली की क्रँक सेन्सर (इंजिनचा मुख्य शाफ्ट, म्हणजे क्रँक, कसा फिरतोय हे इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगणारा) गेला समजा. स्कॅनरवर पी०३३५ किंवा पी०३४० हा बिघाडाचा कोड आला तर बाकी काही बघू नका, सेन्सर बदला. शंका असेल तर पिनांवर मीटर लावून ओहम बघा. रस्त्यात अडकलात तर सेन्सरवर ओलं फडकं टाका. बॅटरीचं टर्मिनल दहा मिनिटं काढलं की कोड कायमचा जातो. या सल्ल्यापायी चांगले सेन्सर भंगारात जातात आणि गाडी पुन्हा घाटात उभी राहते.

गरम होऊन बंद पडणं हे क्रँक सेन्सरचं लक्षण आहे, एवढं खरं. पण फ्युएल पंप, इग्निशन कॉइल, मेन रिले (इंजिनच्या कॉम्प्युटरला वीज पुरवणारा स्विच) हे सगळेच तापून मरतात आणि गार झाले की चालू होतात. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या पुढे जातो, तेव्हा टाकीत पेट्रोल कमी असेल तर पंपाला थंडावाही मिळत नाही. फरक टॅकोमीटरवर (आरपीएम दाखवणाऱ्या काट्यावर) कळतो. गाडी गिअरमध्ये असून चाकं इंजिनाला फिरवताहेत, तरीही काटा एका झटक्यात शून्यावर आला, तर सिग्नल तुटला किंवा मेन रिलेने सप्लाय सोडला. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर आधी इंधन आणि स्पार्क बघा. बंद गाडीला सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा. १५० ते ३०० दिसत असेल तर क्रँकचा सिग्नल पोहोचतोय. शून्य असेल तर पुढचं वाचा.

कोड आला म्हणजे सेन्सर गेला, हा या मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा समज आहे. पी०३३५ क्रँक सेन्सरच्या सर्किटचा, पी०३४० कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टच्या) सेन्सरच्या सर्किटचा. सर्किटमध्ये सेन्सर, कपलर (वायरचा प्लग), वायर, अर्थ आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) सगळं आलं. कडब्याच्या गंजीशेजारी किंवा धान्याच्या गोदामात गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायर आधी शोधा. कॅम सेन्सरची ओ-रिंग गळत असेल तर कपलरमध्ये ऑईल उतरतं. दोन पिनच्या सेन्सरच्या टोकाला चुंबक असतो, त्यावर लोखंडाचा भुगा चिकटतो. तो पुसून बघा. बॅटरीही तपासा. दोन पिनच्या सेन्सरचं व्होल्टेज इंजिनच्या वेगावर अवलंबून असतं. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर इंजिन मंद फिरतं, सिग्नल कमजोर पडतो आणि दोष सेन्सरच्या माथी येतो.

वायर जोडताना दोन पिनच्या सेन्सरच्या तारा उलटसुलट करू नका. सिग्नल उलटा झाला की ईसीएमला क्रँकवरच्या दातेरी चाकावरची दात नसलेली जागा नीट ओळखता येत नाही. बऱ्याच इंजिनांत ६० दातांच्या जागी ५८ दात आणि दोन दातांची मोकळी जागा असते, टायमिंग तिथूनच मोजलं जातं.

ओहमची तपासणी दोन पिनच्या सेन्सरला चालते. वाचन बहुतेक ५०० ते १५०० ओहममध्ये येतं. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. तीन पिनचा हॉल सेन्सर ओहमवर तपासायचाच नाही. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, आकड्यातून काही कळत नाही आणि मीटरच्या करंटने तो बिघडूही शकतो. त्याला व्होल्टवर तपासा:

- चावी ऑन करून सप्लाय पिनवर ५ व्होल्ट (काही गाड्यांत १२).
- अर्थ पिन आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यात ०.१ व्होल्टपेक्षा कमी.
- कपलर लावून, मागून पिन टोचून, क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने हळू फिरवा. सिग्नल ० आणि ५ मध्ये उड्या मारायला हवा.

५ व्होल्टच येत नसेल तर लगेच ईसीएमला दोष देऊ नका. त्याच लाईनवरचा दुसरा एखादा सेन्सर शॉर्ट असू शकतो. कपलर एकेक करून काढा, ज्याचा काढल्यावर व्होल्टेज परततं तो दोषी.

ओल्या फडक्याने गाडी चालू झाली तरी काहीच सिद्ध होत नाही. अर्ध्या तासात बॉनेटखालचं सगळंच गार झालेलं असतं, आणि पाणी मात्र कपलरमध्ये शिरून पिना हिरव्या पडतात. तापल्यावर तुटणारं वाइंडिंग (सेन्सरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी) पकडायचं तर दोन पिनचा सेन्सर काढून मीटर लावा आणि हेअर ड्रायरने हळूहळू तापवा. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतोच: २५ अंशांना ९०० ओहम असेल तर १०० अंशांना साधारण ११६० होईल, तो बिघाड नव्हे. आकडा उड्या मारू लागला किंवा मीटर ओपन दाखवू लागला, तर सेन्सर नक्की गेला.

बॅटरीचं टर्मिनल काढल्याने कोड पुसला जातो, बिघाड राहतो. वर फ्रीझ फ्रेमही जाते; कोड आला तेव्हा इंजिनचं तापमान आणि आरपीएम किती होतं, हे तिथेच मिळणार होतं.

मेसेजमध्ये पी००१६ चा उल्लेखच नाही, आणि खरी भीती त्याचीच आहे. क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही, असा त्याचा अर्थ. कारण बहुधा ताणलेली टायमिंग चेन (क्रँक आणि कॅमला जोडणारी), सैल टेन्शनर, दात सोडलेला बेल्ट किंवा ऑईलच्या गाळाने अडकलेला व्हीव्हीटीचा (कॅमचं टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेचा) व्हॉल्व्ह. हा कोड असेल आणि इंजिनातून खडखड येत असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या. बऱ्याच इंजिनांत चेन आणखी एक-दोन दात सरकली की पिस्टन व्हॉल्व्हना धडकतो आणि हेड उतरवावं लागतं.