शुभहस्ते

1930 साली शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाला गेलेल्या गावकऱ्यांची नावं वाचायला वेंगुर्ल्याकडच्या एका गावात थांबलो, तर लुंगीतल्या एका काकांनी मला भुरट्या चोरासारखं हटकलं. फलकावर मखमली पडदा होता आणि मी त्याचं नुसतं टोक धरलं होतं.

"ओ, हात लावा नको! पडदो मंत्री वडतले."

"कधी?"

"तारीख दगडार कोरलेली असा."

"दगड पडद्याआड आहे हो."

"मगे? माका म्हायत असा. मार्चातली."

"आता पाऊस लागलाय!"

"लागांदे. दगडार मार्चच ऱ्हवतलो."

यावर काय बोलणार? वर मोठ्या मनाने परवानगीही मिळाली: पडद्याचा फोटो काढायला हरकत नाही, पैसे पडत नाहीत.

तेवढ्यात वाऱ्याने पडद्याची खालची कड उचलली. दिसलं ते 'प्रमुख उपस्थिती', आणि त्याखाली मान्यवरांची रांग. सत्याग्रही वर कुठेतरी दाटीवाटीने बसले असावेत. नाहीतरी आपल्याकडे फलक उभारणाऱ्यांचाच इतिहास जास्त असतो. विजयदुर्गाचंच घ्या. 18 ऑगस्ट 1868 च्या सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरसाहेबांनी इथल्या कट्ट्यावरून हेलियम शोधला, असं आपण अभिमानाने सांगतो. साहेब तेव्हा इंग्लंडात होते. त्यांचं वर्णपटाचं निरीक्षण ऑक्टोबरातलं, तेही तिकडूनच. तिथे पडदा टाकला तर माझी हरकत नाही.

इथे मात्र जीव तुटतो. लादी संगमरवराची, भिंत जांभ्याची, स्क्रू साधे लोखंडी. जांभा भुसभुशीत. ड्रिल मारलं की भोक ऐसपैस होतं आणि स्क्रू धरणारा गट्टू आत गरगर फिरतो. पुढे खाऱ्या हवेत स्क्रू गंजतो, गंजलं लोखंड फुगतं आणि लादीचा कोपरा तडकतो. त्याआधी पांढऱ्या दगडावर पानाच्या पिचकारीसारखे ओघळ येतात, ते वेगळेच. वर हा मखमली पडदा मीठ आणि ओल धरून बसलाय. मिठासाठी लाठ्या खाल्लेल्यांची नावं मीठच खाणार!

करायचं फार नव्हतं. काळा ग्रॅनाइट घ्यायचा आणि अक्षरं खोल कोरायची, कारण नुसता ऑइलपेंट काही पावसाळ्यांतच उडतो. सळ्या 316 ग्रेडच्या स्टेनलेसच्या हव्यात. 304 ला समुद्राकाठी तपकिरी ठिपके येतात. भोकातली भुकटी फुंकून काढायची आणि मगच इपॉक्सी भरायचं. भुकटी राहिली तर इपॉक्सी धूळच धरून बसतं, दगड सोडून देतं. मागे बोटभर फट ठेवली की पाणी निथळतं. सगळ्या मंडपाच्या भाड्यापेक्षा हे स्वस्त पडलं असतं.

काकांना म्हटलं, "अहो, ते स्क्रू बघा. दोरी ओढली की पडद्याबरोबर दगडही खाली येईल."

काकांनी लुंगी सावरली.

"येंवदे. शुभहस्ते पडतलो."