‘मुद्दाम केलं नव्हतं’ एवढ्याने लाल कार्ड चुकीचं ठरत नाही

रग्बीच्या मोठ्या सामन्यात कुणाला लाल कार्ड मिळालं, म्हणजे उरलेल्या सामन्यासाठी बाहेर काढलं, की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. मतितार्थ असा: खेळाडूने मुद्दाम काही केलं नव्हतं, इतक्या वेगाच्या खेळात डोक्याला मार लागणारच, अशा अपघातावर लाल कार्ड काढून रेफ्रींनी सामन्याचा विचका केला आणि पूर्वीचा मर्दानी खेळ संपवला. सोबत बहुतेक वेळा २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यातली न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याची क्लिप जोडलेली असते. हा मजकूर मनापासून लिहिलेला असतो, खेळावर प्रेम करणारेच तो पुढे पाठवतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी ‘मुद्दाम’चं बघू. हेतू होता की नव्हता, यावर लाल कार्ड ठरतं हे गृहीतकच चूक आहे. जानेवारी २०१७ मध्ये वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेने बेदरकार टॅकलची (चेंडू नेणाऱ्याला धरून पाडण्याची) व्याख्या केली, तेव्हा कसोटी अशी ठेवली की डोक्याला लागण्याचा धोका खेळाडूला माहीत होता किंवा माहीत असायला हवा होता. त्यातलं ‘असायला हवा होता’ महत्त्वाचं. २०२१ पासून रेफ्री डोक्याच्या प्रत्येक धडकेला तेच चार प्रश्न विचारतात: डोक्याला संपर्क झाला का, त्यात फाउल होता का, धोका किती मोठा होता, आणि शिक्षा सौम्य करावी असं काही घडलं का. यात ‘खेळाडूच्या मनात काय होतं’ हा प्रश्न नाही. मुद्दाम केल्याचं दिसलं तर सौम्य शिक्षेची वाट बंद होते, एवढंच. म्हणजे वाईट हेतू शिक्षा वाढवतो, पण हेतू नसला म्हणून सुटका होत नाही.

आपल्याला हे क्रिकेटमधून ठाऊक आहे. ओल्या चेंडूवरची पकड सुटली आणि बीमर गेला की गोलंदाज लगेच हात वर करून माफी मागतो, फलंदाजही समजून घेतो, आणि पंच तरीही नो-बॉल देतात.

आता केनची ती क्लिप सावकाश पाहा. दक्षिण आफ्रिकेचा जेसी क्रील चेंडू घेऊन धावत येतोय. क्रीलने ऐन वेळी दिशा बदलली, असं केनच्या बाजूने सांगितलं जातं, आणि थोडी बदललीही असेल. पण त्याआधीच्या पावलांत केनकडे बघा. गुडघे वाकलेले नाहीत, कंबर खाली गेलेली नाही, तो जवळजवळ ताठ उभा आहे. त्या उंचीवरून गेलेला टॅकल समोरचा जरासा हलला तरी छातीवरून डोक्यावर जाणार. शेवटच्या क्षणी काय झालं ते केनच्या हातात नव्हतं, मान्य. किती वाकायचं हे मात्र त्याच्याच हातात होतं. रेफ्री वेन बार्न्स यांनी आधी पिवळं कार्ड (दहा मिनिटं बाहेर) दिलं, प्रकरण बंकरकडे, म्हणजे व्हिडिओ पुन्हा तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेलं आणि तिथे ते लाल झालं. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बाहेर जाणारा तो पहिला खेळाडू.

त्याच सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसी याने आर्डी सॅव्हियाला टॅकल करताना डोक्याला धडक दिली आणि त्याचं कार्ड पिवळंच राहिलं. फिरणाऱ्या मजकुरात हा अन्यायाचा पुरावा म्हणून येतो. मला तो उलट वाटतो. डोक्याला लागलं की आंधळेपणाने लाल, अशी पद्धत असती तर कोलिसीही बाहेर गेला असता. बंकरने धोका मोजला आणि तो लाल कार्डाइतका नाही असं ठरवलं. त्या मोजमापावर वाद घाला, जरूर घाला. पण मोजमापच होत नाही असं म्हणता येणार नाही.

हवेतल्या चेंडूचा मुद्दा अधिक अवघड आहे आणि इथे मला समोरच्यांची तगमग कळते. २०१४ च्या हाइनकेन कप या युरोपातल्या क्लब स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात अल्स्टरचा जॅरेड पेन उंच आलेल्या चेंडूखाली धावत होता. नजर सतत वर, चेंडूवर. सॅरसेन्सच्या अ‍ॅलेक्स गूडने उडी मारली, पेन त्याच्यावर आदळला, गूड वाईट पद्धतीने जमिनीवर कोसळला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. पाच मिनिटंही झाली नव्हती आणि पेन बाहेर. ‘तो तर चेंडूच बघत होता!’ हे वाक्य तेव्हापासून आजवर ऐकू येतंय. पण भर गर्दीच्या जागी पूर्ण वेगाने फक्त वर बघत धावायचं, हीच तर निष्काळजी. उडी मारलेल्या माणसाला हवेत स्वतःला वाचवता येत नाही, म्हणून जमिनीवर पाय असलेल्यावर जबाबदारी जास्त.

मग खरा अपघात म्हणून कुणी सुटतच नाही का? सुटतात. फाउल नव्हता असं ठरलं तर डोक्याला डोकं लागूनही खेळ पुढे चालू राहतो. चुकाही होतात. मार्च २०२३ मध्ये डब्लिनला इंग्लंडच्या फ्रेडी स्टुअर्डला आयर्लंडच्या ह्यूगो कीननला धडकल्याबद्दल लाल कार्ड मिळालं आणि नंतर शिस्तपालन समितीने ते रद्द केलं. हे उदाहरण सगळे देतात, समितीने पुढे काय म्हटलं ते कुणी सांगत नाही. समितीच्या मते स्टुअर्ड ताठ उभा राहून बेदरकारपणेच पुढे गेला होता. मात्र परिस्थिती ऐन वेळी बदलल्याने शिक्षा पिवळ्यावर थांबायला हवी होती. ‘काहीच झालं नव्हतं’ असं समितीनेही म्हटलेलं नाही.

‘लाल कार्ड आलं की सामना संपला’ हे तर निकालच खोटं ठरवतात. २०२३ च्याच विश्वचषकात मार्सेला इंग्लंडचा टॉम करी तिसऱ्या मिनिटाला मैदानाबाहेर गेला तो परतलाच नाही. इंग्लंडने अर्जेंटिनाला २७-१० हरवलं, सगळे २७ गुण जॉर्ज फोर्डचे. केन गेल्यावर चौदा जणांच्या न्यूझीलंडने अंतिम सामन्यातला एकमेव ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळणारे गुण) केला आणि १२-११ असा एका गुणाने सामना गमावला. २०११ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात वेल्सचा कर्णधार सॅम वॉरबर्टन अठराव्या-एकोणिसाव्या मिनिटाला गेला, वेल्स ९-८ ने हरलं. वॉरबर्टनने पुढे स्वतःच तो निर्णय योग्य होता असं सांगितलं. कार्डाने फरक पडतो, खूप पडतो. २०२२ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लिडिया थॉम्पसन गेल्यावर इंग्लंड ३४-३१ ने हरलं, ते दुःख खरं आहे. फरक पडतो म्हणूनच प्रशिक्षक सरावात टॅकलची उंची खाली आणतात.

राहिला तो ‘पूर्वीचा खेळ’. स्टीव्ह थॉम्पसन २००३ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघात होता. २०२० मध्ये, वयाच्या बेचाळिशीत, त्याला डिमेन्शिया असल्याचं जाहीर झालं. तो विश्वचषक जिंकल्याचं आपल्याला आठवत नाही, असं त्याने सांगितलं. याहून जास्त पूर्वीच्या खेळाबद्दल मला बोलवत नाही. शिवाय २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,५१६ सामन्यांवरच्या अभ्यासात डोक्याच्या तपासणीची वेळ आलेल्या प्रसंगांपैकी ७६ टक्के टॅकलमधले होते, आणि त्यात चेंडू नेणाऱ्यापेक्षा टॅकल करणाराच दुपटीहून जास्त वेळा सापडला. ताठ उभं राहून धडकणारा स्वतःचंही डोकं धोक्यात घालतो. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर रग्बी कित्येक पिढ्या खेळली जाते, जून २०२५ मध्ये अंधेरीत रग्बी प्रीमियर लीग झाली, आपल्याकडची मुलं आता हा खेळ उचलतायत. ती टीव्हीवर जे बघतील तसंच वाकतील किंवा वाकणार नाहीत.

एका ठिकाणी मी समोरच्यांच्या बाजूने आहे. एकाच्या चुकीची शिक्षा पूर्ण संघाने पाऊण सामनाभर भोगावी का, हा रास्त प्रश्न आहे. २०२५ च्या सिक्स नेशन्स या सहा युरोपीय देशांच्या स्पर्धेत आलेलं वीस मिनिटांचं लाल कार्ड हे त्याचं बरं उत्तर आहे: दोषी खेळाडू परत येत नाही, पण वीस मिनिटांनी संघ दुसरा माणूस उतरवू शकतो, आणि जाणूनबुजून केलेल्या हिंसेसाठी पूर्ण लाल कार्ड कायम आहे. संघाचं नुकसान कमी करायचं असेल तर याच वाटेने करा. डोक्यावरच्या धडकेला पुन्हा ‘खेळात होतंच’ म्हणून नुसत्या पेनल्टीवर सोडायला माझा विरोध राहील.