हातात बसला म्हणून दगड सुरी होत नाही

अश्मयुगीन हत्यार सापडलं म्हणून लोक मला फोटो पाठवतात. दगडाचा फोटो आणि खाली ठरलेलं वाक्य: "हातात अगदी फिट बसतो, अंगठ्याला खाचसुद्धा आहे!" अहो, बटाटाही हातात फिट बसतो. अश्मयुगीन हत्यार ओळखायचं तर आकार सगळ्यात शेवटी बघावा, असं माझं ठाम मत आहे. आधी दगड फुटलाय कसा ते बघा.

चकमकीसारख्या दगडाच्या कडेजवळ नेमका ठोका बसला की छिलका, म्हणजे पातळ तुकडा, सुटतो. त्याच्या आतल्या अंगाला, ठोक्याच्या जागेखाली, छोटा फुगवटा राहतो आणि तिथून लाटा पसरत गेलेल्या असतात. तिरप्या उजेडात धरा, लगेच दिसतील. मग कड बघा. तासणीची, म्हणजे खरवडायच्या हत्याराची, कड जाड, उभट. एकाच अंगाने एकाला लागून एक बारीक टवके काढलेले. सुरीची धार पातळ, आणि कधीकधी बोट कापू नये म्हणून पाठ मुद्दाम बोथट केलेली. टवके इकडे एक, तिकडे दोन असे कसेही असतील आणि आतला रंग बाकीच्या दगडापेक्षा ताजा असेल, तर बहुधा नांगराचा फाळ लागलाय.

भलेभले इथे फसलेत. इंग्लंडमधल्या केंटचे किराणा दुकानदार बेंजामिन हॅरिसन यांनी गोळा केलेल्या 'इओलिथ' दगडांवरून, म्हणजे माणसाची सगळ्यात जुनी हत्यारं मानल्या गेलेल्या ओबडधोबड दगडांवरून, विद्वानांत वर्षानुवर्षं वाद चालला. 1905 मध्ये मार्सेलँ बूल या फ्रेंच अभ्यासकाने फ्रान्समधल्या मांत गावच्या सिमेंट कारखान्याकडे बोट दाखवलं. तिथे खडू-माती घुसळणाऱ्या यंत्रातून निघालेले चकमकीचे गोटे हुबेहूब तसेच होते. यंत्राने 'तासण्या' पाडल्या होत्या! पुढे 1939 मध्ये बार्न्स या अभ्यासकाने कडांचे कोन मोजायची कसोटी दिली: माणसाने घडवलेल्या हत्यारांच्या संचात 90 अंश किंवा त्याहून मोठे कोन पावभागापेक्षा जास्त नसतात. कसोटी संचाची आहे, सुट्या दगडाची नाही. हे फार कुणी लक्षात घेत नाही.

फुगवटाही एकटा पुरत नाही. ब्राझीलमधली कॅपुचिन माकडं दगडावर दगड आपटतात आणि धारदार छिलके पडतात, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. ते छिलके वापरताना मात्र ती दिसली नाहीत.

म्हणूनच संग्राहकांवर माझा खरा राग आहे तो निवडून उचलण्याबद्दल. देखणा तुकडा खिशात जातो; शेजारचे ओबडधोबड छिलके, ज्यातून ते काढले तो गाभा, ठोकायचा गोटा, सगळं तिथेच. तो कचराच तर साक्षीदार असतो! वर घरी आणून तारेच्या ब्रशने घासायचं. कातडं कमावलं की लाकूड तासलं, हे सूक्ष्मदर्शकाखाली धारेवरच्या झिजेवरून कळू शकतं. ब्रशने तीच जाते, आपले ओरखडे वर.

यापुढे मला फोटो पाठवायचा असेल तर दोन्ही बाजूंचा, कडेचा आणि शेजारी मोजपट्टी ठेवून पाठवा. दगड अजून जागेवर असेल तर उचलू नका, आजूबाजूच्या छिलक्यांचाही फोटो काढा. नुसता "हे काय आहे?" असेल तर माझं उत्तर आत्ताच घ्या: दगड.