वेगमर्यादा यंत्रणेबाबत खुलासा
युरोपीय संघात नव्या मोटारी आता कायदेशीर मर्यादेपलीकडे धावूच शकत नाहीत, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही. जुलै 2024 पासून तेथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली आहे ती चालकाला मर्यादेची जाणीव करून देणारी यंत्रणा, जी कॅमेऱ्याने टिपलेली पाटी किंवा नकाशातील नोंद पाहून बीप वाजवते, पेडल थरथरवते किंवा वेग हळूहळू उतरवते. ॲक्सिलरेटर जोराने दाबला की गाडी तरीही पुढे पळते. यंत्रणा बंदही करता येते, मात्र (आणि खरी मेख इथेच आहे) गाडी पुन्हा सुरू करताच ती आपोआप चालू होते. कमाल वेगालाच लगाम घालणे ही निराळी बाब असून, व्होल्वोने 2020 मध्ये आपल्या नव्या मोटारींना घातलेली ताशी 180 किलोमीटरची मर्यादा कंपनीने स्वतःहून स्वीकारलेली आहे.