'आहे' खाल्लं म्हणून मराठी कानडी होत नाही

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: 'सीमाभागातली मराठी म्हणजे कानडी व्याकरणात कोंबलेले मराठी शब्द. कानडीत "आहे" नाही, म्हणून हे लोक "भाजी ताजी", "पोरगा हुशार" असं अर्धवट बोलतात. विशेषणंही कानडीच्याच वळणाची. "मला माहीत" हेसुद्धा तिकडूनच आलं.'

'आहे' गाळणं ही काय एकट्या बेळगावची मिरास? दुरून डोंगर साजरे, नाव मोठं लक्षण खोटं, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. यांत 'आहे' कुठाय? या म्हणी सदाशिव पेठेतही बिनदिक्कत चालतात. उलट खडे बाजारात भाजीवाली 'वांगी कवळी हाईत, घ्या की' म्हणते, चांगलं ठसक्यात 'हाईत' लावून.

कानडीत 'आहे' नाही, हेही अर्धसत्यच. 'अवनु ओळ्ळेयवनु' (तो चांगला) यात ते नसतं, कारण विशेषणालाच 'तो' जोडून त्याचं नाम केलेलं असतं. पण 'चेन्नागिदे'तलं (छान आहे) 'इदे' मग कोण? आमच्याकडच्या कानडीतल्या 'छलो ऐती'तलं 'ऐती' तेच. खरी गंमत पुढेच आहे. सांगलीजवळच्या कुपवाडात मराठी, कानडी, उर्दू पिढ्यानपिढ्या शेजारी नांदल्या. तिथल्या बोलींवर गम्पर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी १९७१ मध्ये लिहिलं. 'तुमचं घर कोणतं आहे?' असं विचारताना प्रमाण कानडीला क्रियापद लागत नाही. कुपवाडची कानडी मात्र तिथेही 'ऐती' लावते, मराठी-उर्दूसारखी. मेसेजवाल्यांच्या हिशेबात ही उलटी उधारी कुठेच धरलेली नाही.

विशेषणांचा मुद्दा तर बाजारातच निकालात निघतो. कवळा दोडका, कवळी काकडी, कवळं वांगं. कानडीत तिन्हींना एकच 'एळेय'.

'मला माहीत' आणि 'ननगे गोत्तु' यांची ठेवण सारखी आहे, कबूल. पण दिल्लीवाला 'मुझे मालूम है' म्हणतो, तो कुठे कानडी शिकायला आला होता?

साम्य शोधायचंच तर नकारात शोधा. कानडी 'अल्ल' आणि 'इल्ल' वेगळे ठेवते. 'तो मास्तर नव्हे' आणि 'तो घरात नाही' यांतला भेद तोच. पुण्या-मुंबईकडे हल्ली दोन्हीकडे 'नाही' खपतं, आमच्याकडे 'नव्हं' अजून रोज तोंडात असतं. मात्र हेही कानडीकडून आणलं म्हणण्याआधी ज्ञानेश्वरी उघडा. 'नव्हे' तिथेही भेटतं.