त्या मेणबत्त्यांना हात लावू नका

आज सकाळपासून डोकं फिरलंय. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगते.

झालं असं की मामेभावाने घरच्या ग्रुपवर एक रील टाकलं. वर लिहिलं होतं, 'ताई, तुझा पिक्चर!' उघडून बघते तर 'वॉटर्लू ब्रिज'. १९४० सालचा, विव्हियन ली आणि रॉबर्ट टेलरचा. त्यातला मेणबत्त्यांचा प्रसंग, आणि तो कुणीतरी एआयमध्ये घालून रंगवलेला. लीचे ओठ गुलाबी, गाल गुलाबी, टेलरचा गणवेश शेवाळी, मागच्या भिंती पिवळट. मूळचं 'ऑल्ड लँग साइन' हे निरोपाचं जुनं स्कॉटिश गाणं काढून टाकलंय आणि त्या जागी कसला तरी रडका पियानो. खाली बदामांचा पाऊस. आणि एकाची कमेंट, 'आता कुठे बघण्यासारखा झाला.'

बघण्यासारखा झाला! ऐंशीहून जास्त वर्षं जगभरची माणसं जो बघून रडली, तो आज बघण्यासारखा झाला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिलं महायुद्ध, लंडन. बॅलेत नाचणारी मायरा आणि आघाडीवर निघालेला अधिकारी रॉय. ओळख कुठे, तर हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत असताना पुलावर. रात्री दोघं एका क्लबमध्ये येतात. बंद व्हायची वेळ झालेली, शेवटचा वॉल्ट्झ. वादक एकेक करून वाजवायचं थांबवतात आणि थांबताना आपल्याजवळच्या मेणबत्त्या विझवतात. एक गेली, मग दुसरी. दर वेळी खोलीतला उजेड थोडा आटतो. नाचणाऱ्यांचे आधी चेहरे जातात, मग कपडे जातात, नुसत्या आकृत्या उरतात. वाद्यंही कमी कमी होत जातात. शेवटी जवळजवळ काळोखातच ती दोघं एकमेकांजवळ येतात. या सगळ्यात संवाद नाही.

हा प्रसंग मी पहिल्यांदा सांगलीत, आजीच्या शेजारी बसून पाहिला. नव्वदचं दशक सरत आलं होतं. तुमच्यापैकी निम्म्यांना आठवत असेल, रात्री नऊ वाजले की कार्टून नेटवर्क संपायचं आणि त्याच चॅनेलवर जुने इंग्रजी पिक्चर दाखवणारं टीएनटी सुरू व्हायचं. घरातली बाकी पोरं टॉम आणि जेरी गेले म्हणून कुरकुरत झोपायला जायची. मी बसून राहायचे, कारण आजी बसलेली असायची. कापसाची पिशवी मांडीवर आणि दुसऱ्या दिवशीच्या फुलवाती वळणं चालू. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मला शाळेपुरतं येत होतं, ते त्या लोकांच्या बोलण्यापुढे कुठेच पुरायचं नाही. तरी बघायचो.

तर त्या रात्री मेणबत्त्या विझायला लागल्या आणि आजीचे हात थांबले. म्हणाली, "एकेक दिवा शांत करतायत बघ. आता ही दोघं काही सुखानं परत भेटत नाहीत."

तोवर पिक्चरमध्ये काहीही वाईट घडलेलं नव्हतं. प्रेम नुकतं जमत होतं. कुणी तिला कथा सांगितली नव्हती. तिने ती उजेडावरून वाचली. म्हणजे ज्याने तो उजेड लावला होता, त्या जोसेफ रुटेनबर्ग नावाच्या कॅमेरामनचं म्हणणं सांगलीतल्या एका बाईला थेट, दुभाष्याशिवाय, कळलं. आणि आजचं ते रील! त्यात सगळ्या मेणबत्त्या विझल्या तरी भिंतीचा पिवळा रंग तसाच दिसतोय, गुलाबी गाल तसेच दिसतायत. काळोखच होत नाही. अरे, मग त्या विझवल्या कशाला?

मला सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? 'बिचाऱ्यांकडे तेव्हा रंग नव्हते' या दयेचा. नव्हते कसे? हीच विव्हियन ली, आपल्या दार्जिलिंगला १९१३ मध्ये जन्मलेली, १९३९ मध्ये 'गॉन विथ द विंड'मध्ये झगझगीत टेक्निकलरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या रंगीत चित्रीकरणात, उभी होती. लाल आकाश, हिरवा पडदा फाडून शिवलेला झगा, सगळं. त्याच वर्षी 'द विझर्ड ऑफ ऑझ'मध्ये डोरोथी तपकिरी घराचं दार उघडते आणि पलीकडे सगळी रंगांची दुनिया. तिथे घर आधी मुद्दाम बेरंगी ठेवलं म्हणून दारापलीकडचा रंग अंगावर येतो. आणि पुढच्याच वर्षी ली कृष्णधवलमध्ये. टेक्निकलर महाग होतं, त्याचे कॅमेरे अवजड होते, हे खरं आहे, मान्य. पैशाचा भाग होताच. पण एकदा कृष्णधवल करायचं ठरलं की मग ती माणसं त्यातच विचार करायची. कुठलं कापड पडद्यावर किती गडद दिसेल, कुठली लिपस्टिक करडी दिसेल, कुठे सावली पडेल. तेव्हा ऑस्करसुद्धा कृष्णधवल आणि रंगीत छायाचित्रणासाठी वेगवेगळं असायचं.

'जेझेबेल' घ्या. १९३८, विल्यम वायलर दिग्दर्शक, बेटी डेव्हिस. (माझी सगळ्यात लाडकी. ते डोळे, आणि कुणालाही आवडून घ्यायची गरज नसलेला तो चेहरा!) जुन्या न्यू ऑर्लिन्समधला बॉल, लग्न न झालेल्या मुलींनी तिथे पांढऱ्यातच यायचं, आणि ही हट्टाने लाल झगा घालून येते. सगळ्या जोड्या हळूहळू नाच सोडून बाजूला होतात आणि रिकाम्या फरशीवर ही आणि हेन्री फोंडा दोघंच. तिला आता थांबायचंय, तो थांबू देत नाही. कृष्णधवल पिक्चर आहे. पडद्यावर लाल रंगाचा ठिपकाही नाही. आणि ज्याने ज्याने तो पाहिलाय त्याला तो झगा लालच आठवतो! गंमत म्हणजे खरा कपडा लाल नव्हता, तपकिरीकडे झुकणारा होता, कारण तो कॅमेऱ्यात जास्त चांगला दिसत होता. आता द्या तुमच्या एआयला आणि सांगा रंगवायला. काय रंगवेल तो? आजी तर बघताक्षणी म्हणाली होती, "लाल घालून आलीय मेली, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून." पांढऱ्यांच्या गर्दीतली एक गडद आकृती आणि लोकांच्या माना वळलेल्या, तेवढं तिला पुरलं.

हे रंगवारंगवीचं प्रकरण आजचं नाही. १९८६ मध्ये टेड टर्नर या अमेरिकन टीव्हीवाल्याने एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओचा जुना चित्रपटसाठा विकत घेतला आणि टीव्हीवर खपावेत म्हणून रंगवायला काढला. आजारी, म्हातारा दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन आपला 'द मॉल्टीज फाल्कन' रंगवला म्हणून भर पत्रकार परिषदेत कडाडला होता. जेम्स स्टीवर्टने, त्यातल्या नायकाने, 'इट्स अ वंडरफुल लाइफ' रंगवण्याला उघड विरोध केला. 'कॅसाब्लांका' १९८८ मध्ये रंगवलाच त्यांनी. 'सिटिझन केन' तेवढा वाचला, कारण दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या करारात पिक्चर कसा असावा हे ठरवायचा हक्क त्याच्याकडे ठेवलेला होता. त्या आरडाओरडीतूनच अमेरिकेत १९८८ चा चित्रपट जतनाचा कायदा आला आणि १९८९ मध्ये पहिले २५ चित्रपट राष्ट्रीय यादीत गेले, 'कॅसाब्लांका' त्यात आहे. म्हणजे हे भांडण एकदा होऊन गेलंय. मोठमोठी माणसं भांडून गेली आहेत. आणि आता कुणीही उठतो, मोबाइलवर एक बटण दाबतो.

(आणि हो, ज्या टीएनटीवर आजीने आणि मी हे सगळं पाहिलं ते त्याच टर्नरचं चॅनेल होतं. तेवढं श्रेय त्याला देते. आमच्याकडे त्याने पाठवला तो 'वॉटर्लू ब्रिज' कृष्णधवलच होता.)

'कॅसाब्लांका'चा शेवट आठवा. विमानतळ, धुकं, बोगार्ट आणि बर्गमन. ते मागचं विमान खरं नव्हतं. कापून केलेला छोटा देखावा होता, आणि ते लांबवर मोठं उभं आहे असं वाटावं म्हणून त्याच्याभोवती बुटकी माणसं मेकॅनिक म्हणून ठेवली होती. धुक्याने आणि करड्या उजेडाने ती लबाडी झाकली. त्या धुक्यात बर्गमनच्या डोळ्यांत एकेक प्रकाशाचा बिंदू ठेवलाय, बाकी सगळं मऊ. रंगवलेल्या आवृत्तीत माझी नजर तिच्या डोळ्यांवर टिकतच नाही, कपड्यांवर जाते. आणि त्याच पिक्चरमधलं ते 'ला मार्सेएझ'! जर्मन अधिकारी त्यांचं गाणं म्हणतायत आणि सगळा कॅफे उठून फ्रान्सचं राष्ट्रगीत म्हणतो. त्यात रडणारी ती मुलगी, मादलेन लबो, खरोखरच फ्रान्समधून पळून आलेली होती. जर्मन मेजर झालेला कॉनराड फाइट स्वतः नाझींमुळे देश सोडून आलेला. त्या चेहऱ्यांवर जे आहे त्याला कुठला रंग लावणार तुम्ही?

आणि पन्नाशीच्या दशकात, रंग सर्रास झाल्यावरही लोकांनी कृष्णधवल निवडलं. 'सम लाइक इट हॉट'. मर्लिन मन्रोच्या करारात रंगीत चित्रपटाची अट होती. चाचणीत टोनी कर्टिस आणि जॅक लेमनचा बायकी मेकअप हिरवट दिसायला लागला आणि दिग्दर्शक बिली वाइल्डरने तिला कृष्णधवलसाठी राजी केलं. हिचकॉकने 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' रंगीत केला आणि १९६० मध्ये 'सायको' कृष्णधवल. त्याच वर्षीचा वाइल्डरचा 'द अपार्टमेंट' तर मी कितीही वेळा बघू शकते. जॅक लेमन नवी हॅट घालून शर्ली मॅक्लेनला दाखवतोय, खुशीत आहे. ती त्याला आपला छोटा आरसा देते, बघ म्हणून. आरसा तडकलेला. तो आरसा त्याने आधी पाहिलाय, आपल्याच घरात, साहेबाच्या मैत्रिणीचा राहून गेलेला म्हणून साहेबाला परतही दिलाय. एका क्षणात त्याला सगळं कळतं आणि आरशात त्याचा चेहरा मधोमध दुभंगलेला. तो एवढंच म्हणतो, आरसा तडकलाय. ती म्हणते, मला जसं वाटतं तशीच मी यात दिसते, म्हणून आवडतो. या एका शॉटसाठी मी लेमनला आयुष्यभर मानते.

त्या काळातलं सगळं गोड होतं असं माझं म्हणणं नाही. 'गॉन विथ द विंड'साठी हॅटी मॅकडॅनियलला ऑस्कर मिळालं आणि त्याच समारंभात ती काळी म्हणून तिला वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. ते विसरायचं नाही. कुणी म्हणेल, 'मुघल-ए-आझम' २००४ मध्ये रंगवला तेव्हा तुम्हीच गर्दी केलीत. दिग्दर्शक के. आसिफना स्वतःलाच तो अख्खा रंगीत हवा होता, म्हणून तिथे मी गप्प बसते. आणि रंगवल्यामुळे नवीन मुलं निदान थांबून बघतात, हेही असेल. पण ती जे बघतात ते ते नव्हेच.

परत 'वॉटर्लू ब्रिज'कडेच येते, कारण राहवत नाहीये. मायरा चहाच्या दुकानात रॉयच्या आईची वाट बघतेय. हातात पेपर, आणि मेलेल्या अधिकाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव. तेवढ्यात आई येते. आईला अजून काही माहीत नाही, आणि ही सांगू शकत नाही. आईला वाटतं, कसली विचित्र मुलगी आहे! आजी टीव्हीशी बोलायला लागली होती. "सांग की गं बाई, सांगून टाक." मग उपासमार, मग रस्ता. आणि मग वॉटर्लू स्टेशन. सुट्टीवर आलेल्या सैनिकांच्या लोंढ्यासमोर ती उभी आहे, चेहऱ्यावर गिऱ्हाइकासाठी आणलेलं हसू. आणि समोरून, जिवंत, रॉय. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. हसू, मग ओळख, मग आनंद, मग आपण इथे कशासाठी उभ्या आहोत याची आठवण, सगळं त्या एका चेहऱ्यावर. आजीने वाती बाजूला ठेवल्या आणि पदर डोळ्यांना लावला. ती बाई काय धंदा करते हे माझ्यासमोर बोलायचं नव्हतं म्हणून मला म्हणाली, "पाणी आण जा." मी गेले नाही.

हे लिहिता लिहिता मामेभावाचा फोन येऊन गेला. मी ग्रुपवर फार तिखट लिहिलं होतं, त्याला लागलं असावं. म्हणाला, "अगं, मला वाटलं तुला आजीची आठवण येईल म्हणून पाठवलं." त्याचा हेतू चांगलाच होता, हे मला आधीही माहीत होतं. कार्टून संपलं की झोपायला जाणाऱ्यांत तो पहिला, पण आजी नऊनंतर काय बघायची हे त्याच्या लक्षात आहे. राग त्याच्यावर नव्हता आणि नाही. रंगवणाऱ्यावर आहे, आणि 'आता बघण्यासारखा झाला' म्हणणाऱ्यावर तर आहेच आहे.

त्याला मूळ पिक्चर पाठवलाय. रात्री दिवे घालवून लेकीबरोबर बघ म्हटलंय, मोबाइलवर नको, टीव्हीवर.

तुम्ही ते रील कृपा करून पुढे पाठवू नका. आणि ज्यांच्या घरी नऊनंतर टीएनटी चालायचं त्यांनी कमेंटमध्ये सांगा, काय काय पाहिलंत आणि कुणाबरोबर. 'जेझेबेल' आठवणारं कुणी असेल तर मला फोनच करा.