युटिल ९० दिसला म्हणून डिस्क बदलू नका

नागपुरातल्या सिस्टिम ॲडमिन मंडळींच्या आणि इंजिनिअरिंगच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: लिनक्सवर डिस्कचा हिशोब तपासायला दोन मिनिटं पुरतात. आयओस्टॅट (डिस्कच्या कामाचे आकडे दाखवणारी कमांड) चालवा, युटिल (त्यातली डिस्क व्यस्त असल्याची टक्केवारी) १००च्या जवळ असेल तर डिस्क संपली, नवी घ्या. आयओवेट (प्रोसेसरचा डिस्कची वाट पाहण्यातला वेळ) शून्य असेल तर डिस्कचा दोष नाही. डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने १ जीबीची फाईल लिहा, डिस्कवरचं लेखन मोजणारा काउंटर तेवढाच वाढला तर कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) हिशोब बरोबर, नाहीतर कर्नल चुकतो. आणि कोणता प्रोग्रॅम डिस्क खातोय हे आयओटॉप ही कमांड सांगतेच.

चारही मुद्दे चुकीचे आहेत, आणि त्यांच्या भरवशावर लोक पैसे घालवत आहेत म्हणून हे लिहितो आहे. ओळखीच्या एका पतसंस्थेचा सर्व्हर दुपारी तीननंतर अडायचा. तिथं काम पाहणाऱ्या मुलाने हा मेसेज वाचला, युटिल ९०च्या वर पाहिला, आणि चांगली चालणारी साटा एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) काढून सीताबर्डीवरून आणलेली एनव्हीएमई, म्हणजे त्याहून वेगवान जातीची एसएसडी, बसवली. दुसऱ्या दिवशी तीन वाजता सर्व्हर तसाच अडला आणि युटिलही ९०च्या वरच राहिला. त्याचा फोन आला, "सर, नवीन डिस्कबी खराब निघाली काय?"

दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या. खोट आकडा वाचण्यात होती.

युटिलपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. हा आकडा ‘डिस्कची किती क्षमता वापरली’ असं सांगतच नाही. कर्नल एक घड्याळ चालवतो. डिस्कवर एक तरी रिक्वेस्ट (वाचण्या-लिहिण्याची मागणी) चालू असेल तितका वेळ ते पुढे सरकतं. कर्नल आपले आकडे मांडतो त्या ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या डिस्कस्टॅट्स फाईलमध्ये हा आकडा मिलिसेकंदांत असतो, आणि आयओस्टॅट त्याला गेलेल्या वेळाने भागून टक्केवारी काढतो. एवढंच.

कळमन्याचा बाजार डोळ्यांपुढे आणा. मृग बहाराचा संत्रा उतरायला लागला की यार्डात दिवसभर गाड्या असतात. फाटकावरच्या माणसाने ‘यार्डात निदान एक गाडी होती’ असा वेळ मोजला तर तो दिवसभराचा, म्हणजे १०० टक्के भरेल. पण एक गाडी उभी होती की चाळीस ओट्यांवर चाळीस गाड्या एकदम रिकाम्या होत होत्या, हे त्या आकड्यातून कळणार नाही. आणखी गाड्या घेता येतील का, हे तर मुळीच नाही.

एकाच ओट्याच्या यार्डात हा आकडा कामाचा असतो. फिरती हार्ड डिस्क तशी आहे. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा आणि सरासरी अर्धा फेरा ४.२ मिलिसेकंदांचा, शिवाय हेड हलवण्याचा वेळ वेगळा. अशा एकट्या डिस्कवर युटिल १०० असेल आणि अवेटही (एका रिक्वेस्टला लागणारा सरासरी वेळ) चढत असेल तर डिस्क खरोखर थकली आहे. तेवढ्यापुरता मेसेज बरोबर आहे. पण साटा डिस्कशी बोलण्याच्या जुन्या एएचसीआय मानकात ३२ कमांडची एकच रांग होती, तर एनव्हीएमईच्या मानकात ६५,५३५ पर्यंत रांगा आणि एकेका रांगेत ६५,५३६ पर्यंत कमांड बसतात. इतक्या ओट्यांच्या यार्डाला फाटकावरचं घड्याळ लावून काय कळणार? समांतर काम करणाऱ्या एसएसडी आणि रेडसाठी (अनेक डिस्क जोडून केलेल्या गटासाठी) हा आकडा क्षमतेची मर्यादा दाखवत नाही, हे आयओस्टॅटच्या मॅन्युअल पानावरच लिहिलेलं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ते पान उघडलं असतं तर हा मुद्दा लिहिलाच नसता.

हे माझ्या सांगण्यावर मानू नका, चालवून पाहा. त्यासाठी खरी डिस्क लागत नाही. कर्नलमध्ये नल ब्लॉक नावाचं मॉड्यूल आहे. ते एक खोटी डिस्क उभी करतं, आणि तिने प्रत्येक रिक्वेस्टला किती वेळ घ्यायचा ते तुम्ही ठरवता. मॉड्यूल लोड करताना आयआरक्यू मोड २ (टायमरने उत्तर देण्याची पद्धत) ठेवा आणि कम्प्लिशनचा, म्हणजे रिक्वेस्ट पूर्ण होण्याचा, वेळ १ कोटी नॅनोसेकंद, म्हणजे १० मिलिसेकंद द्या. मग एफआयओ या डिस्कवर ठरावीक भार टाकणाऱ्या प्रोग्रॅमने डायरेक्ट वाचन (मेमरीतली प्रत टाळून थेट डिस्कवरून) चालवा, आधी एका वेळी एक रिक्वेस्ट, नंतर एका वेळी आठ.

चालवण्याआधी उत्तर कागदावर काढता येतं. एकेक रिक्वेस्ट १० मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला सुमारे १०० वाचनं, अवेट १०, रांगेची सरासरी १ आणि युटिल १००. आठ चालू ठेवल्या तर सेकंदाला सुमारे ८०० वाचनं, अवेट १०च, रांग ८ आणि युटिल पुन्हा १००. काम आठपट झालं, युटिल जागचा हलला नाही. हिशोबाची चाचणी अशी असते: उत्तर आधी ठाऊक असलेली परिस्थिती उभी करायची, मग काउंटर तेच उत्तर देतो का ते पाहायचं. ज्या डिस्कबद्दल तुम्हाला काहीच ठाऊक नाही तिच्यावर आयओस्टॅट चालवलात तर तुम्ही काहीच तपासलेलं नसतं.

पतसंस्थेतला घोळ याच्याही पुढचा होता. २०१९ च्या मार्चमध्ये आलेल्या ५.० कर्नलपासून हे ‘चालू वेळेचं’ घड्याळ ढोबळ केलं गेलं. बारीक हिशोबाला लागणारा खर्च वेगवान डिस्कवर परवडत नव्हता. तेव्हापासून २०२४ मधल्या बदलापर्यंतचे कर्नल आपल्या ठोक्यांवर (टायमरच्या ठरावीक अंतराच्या टिकटिकीवर) मोजतात. एखाद्या ठोक्यात रिक्वेस्ट सुरू झाली की तो अख्खा ठोका व्यस्त धरला जातो, मग ती रिक्वेस्ट ठोक्याच्या चाळिसाव्या भागात संपलेली का असेना. उबुंटूच्या अनेक आवृत्त्यांत सेकंदाला २५० ठोके असतात, म्हणजे एक ठोका ४ मिलिसेकंदांचा. आता एखादा प्रोग्रॅम दर ४ मिलिसेकंदांनी ४ केबीचा छोटासा तुकडा लिहितो आहे असं समजा. एसएसडी तो मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात संपवते आणि रिकामी बसते, पण जवळपास प्रत्येक ठोक्यावर व्यस्ततेची खूण पडते. युटिल ९०च्या आसपास दिसतो आणि डिस्क झोपलेली असते.

ही चाचणी माझ्या डोक्यातून निघालेली नाही. हा हिशोब पुन्हा काटेकोर करणारा बदल २०२४ मध्ये कर्नलमध्ये आला, आणि त्याच्या सोबतच्या टिपणात नेमका हाच प्रयोग दिला आहे: ४ केबी, डायरेक्ट लेखन, मध्ये ४ मिलिसेकंदांची विश्रांती, युटिल सुमारे ९०. पतसंस्थेत लॉग लिहिणारा एक छोटा प्रोग्रॅम अगदी याच चालीने लिहीत होता. जुन्या डिस्कवर ९०, नव्या डिस्कवर ९०, कारण आकडा डिस्कचा नव्हताच, ठोक्यांचा होता. अवेट पाहिला असता तर तो मिलिसेकंदाच्याही खाली दिसला असता आणि डिस्कची पावती फाटली नसती.

आता डीडीचा मुद्दा. हा तपासणीसारखा दिसतो म्हणून जास्त फसवतो.

साध्या पद्धतीने फाईल लिहिली की डेटा आधी मेमरीतल्या पेज कॅशमध्ये जातो आणि डीडी ‘झालं’ म्हणून मोकळा होतो. डिस्कवर तो नंतर उतरतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये लिहून काढणारा कर्नलचा धागा (थ्रेड) दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांहून जुना झालेला डेटा उतरवतो, किंवा मेमरीत साठा फार झाला तर त्याआधी. म्हणून डीडी संपल्याबरोबर काउंटर पाहिला तर तो कमी वाढलेला दिसतो, आणि मेसेजप्रमाणे कर्नल चोर ठरतो. थोडं थांबून पाहिलं तर १ जीबीपेक्षा किंचित जास्त दिसतो, कारण फाईल सिस्टिमच्या जर्नलची (बदलांच्या नोंदवहीची) आणि नोंदींची लेखनंही त्यातच येतात. आणि फाईल डिस्कवर उतरायच्या आत पुसून टाकली तर काउंटर जवळजवळ हलतही नाही. तिन्ही वेळा हिशोब बरोबर असतो.

बरोबर चाचणी वाचनाने करा, म्हणजे डेटाला धोका नाही. ज्या डिस्कला दुसरं कोणी हात लावत नाही अशी एक डिस्क घ्या. डिस्कस्टॅट्समधली तिची ओळ लिहून ठेवा. डीडीला डायरेक्टचा ध्वज (फ्लॅग) देऊन पेज कॅश टाळा, १ एमबीचे १०२४ तुकडे थेट डिस्कवरून वाचा आणि ती ओळ पुन्हा पाहा. वाचलेल्या सेक्टरांचा आकडा बरोबर २०,९७,१५२ ने वाढायला हवा, ना एक कमी, ना एक जास्त. सेक्टर इथे नेहमी ५१२ बाइटचा धरतात, मग डिस्कचा स्वतःचा सेक्टर ४०९६ चा का असेना. हे माहीत नसल्यामुळे आठपट चुकलेली गणितं मी पाहिली आहेत.

रिक्वेस्टची संख्या मात्र १०२४ च वाढेल असं धरू नका. डिस्क एका वेळी ५१२ केबीच घेत असेल तर प्रत्येक तुकड्याचे दोन होऊन २०४८ दिसतील. उलट, लागून असलेल्या छोट्या रिक्वेस्ट कर्नल एकत्र करतो तेव्हा संख्या घटते आणि जोडलेल्यांचा काउंटर वेगळा वाढतो. बाइट जुळले पाहिजेत. संख्या का जुळत नाही हे सांगता आलं पाहिजे.

डिस्कस्टॅट्सच्या सगळ्या ओळींची बेरीज करणारे स्क्रिप्टही याच मेसेजमागून फिरतात. पार्टिशन, एलव्हीएम (डिस्कवर बेतलेले आभासी भाग) आणि पूर्ण डिस्क या तिघांच्या वेगवेगळ्या ओळी असतात आणि एकच वाचन तिन्हींत मोजलं जातं. एकाच ट्रकचं तीन धर्मकाट्यांवर वजन करून तिप्पट संत्रा आला म्हणण्यासारखं आहे ते. आणि काउंटर मुळीच हलत नसेल तर आधी त्या डिस्कच्या क्यू सेटिंगमधली आयओस्टॅट्स नावाची फाईल पाहा. तिच्यात शून्य असेल तर कोणीतरी हिशोबच बंद करून ठेवला आहे.

आयओवेटचा मुद्दा लवकर संपतो. प्रोसेसर रिकामा आहे आणि त्याच्यावरचं एखादं काम डिस्कची वाट पाहत झोपलं आहे, त्या वेळेला आयओवेट म्हणतात. म्हणजे तो रिकाम्या वेळाचाच एक प्रकार आहे. एका कोरवर डायरेक्ट वाचन चालवा, आयओवेट चढेल. आता त्याच कोरला अगदी कमी प्राधान्याचं एक निरर्थक गणिताचं काम बांधून द्या. वाचनाचा वेग जवळपास तेवढाच राहील आणि आयओवेट शून्याकडे जाईल, कारण प्रोसेसर आता रिकामाच नाही. डिस्क तीच, वाट पाहणंही तेच. उलटही घडलं आहे: २०२३ मध्ये आयओ यूरिंगमधल्या (प्रोग्रॅमने वाचन-लेखन कर्नलकडे सोपवण्याच्या सोयीतल्या) एका बदलानंतर, काहीही काम नसलेल्या डेटाबेस सर्व्हरवर आयओवेट १०० च्या आसपास दिसू लागला आणि लोक घाबरले. हा आकडा भरवशाचा नाही, असं प्रॉकच्या मॅन्युअल पानावर स्पष्ट छापलेलं आहे. कामं डिस्कपायी किती वेळ अडली हे हवं असेल तर ४.२० कर्नलपासून ‘प्रॉक’मधल्या ‘प्रेशर’ फोल्डरमध्ये आयओ नावाची फाईल आहे. ती नेमकं तेच मोजते.

पतसंस्थेत दुपारी तीनला ती फाईल जवळजवळ शून्य दाखवत होती. कामं अडत होती ती डिस्कपायी नव्हे. त्याच वेळी सुरू होणारा दिवसअखेरचा अहवाल डेटाबेसच्या मुख्य टेबलाला कुलूप लावून बसत होता.

आयओटॉपबद्दल एवढंच. तो प्रोसेसच्या नावावर लेखन मांडतो ते मेमरीतलं पान मळतं, म्हणजे बदलतं, त्या क्षणी, डिस्कवर उतरतं तेव्हा नाही. एखाद्या प्रोसेसने १ एमबी लिहून फाईल लगेच पुसली तर डिस्कवर काही जात नाही, तरी तिच्या खात्यावर १ एमबी लागतो. रद्द झालेल्या लेखनाचा काउंटर वेगळा असतो आणि तो बहुतेक जण पाहत नाहीत. त्यात प्रत्यक्ष उतरवण्याचं काम कर्नलचे धागे करतात, म्हणून डिस्कच्या बाजूने पाहिलं की भलत्यालाच नाव लागतं. ही नाळ जुळवायची असेल तर सीग्रुप २ मधली (प्रोसेसचे गट करून हिशोब ठेवणाऱ्या कर्नलच्या सोयीतली) आयओ स्टॅट फाईल पाहा. ईएक्सटी४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या फाईल सिस्टिमवर उशिरा उतरलेलं लेखनही ती मूळ ग्रुपच्याच नावे टाकते.

आणि आयओस्टॅट एकदाच चालवून जो आकडा दिसतो तो मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, आत्ताची परिस्थिती नव्हे. कमांडपुढे सेकंदांचं अंतर देऊन तो पुन्हा पुन्हा छापू द्या आणि पहिला अहवाल सोडून द्या.

अहवालाची वेळ रात्री साडेनऊवर नेल्यापासून पतसंस्थेचा सर्व्हर दुपारी अडलेला नाही. युटिल अजूनही ९० दाखवतो, कारण लॉगचा प्रोग्रॅम तसाच चालू आहे आणि कर्नल जुनाच आहे. काढून ठेवलेली साटा एसएसडी त्या मुलाने टेबलाखालच्या एका जुन्या मशीनला लावली आहे. शनिवारी काम संपलं की तो तिच्यावर एकेक चाचणी करतो, आणि कमांड देण्याआधी अपेक्षित आकडा वहीत लिहितो.